स्प्लेंडरला टेपर कोनसेट: आठ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

बाबांची २००३ची हिरो होंडा स्प्लेंडर गेली नऊ वर्षं मी चालवतोय. चिपळूण ते लोटे एमआयडीसी, रोज परशुराम घाट चढून-उतरून. मार्चमध्ये तिचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांच्यावर फिरतं ती वरची-खालची बेअरिंगं, बदलला आणि सुट्या गोळ्यांच्या जागी टेपर (निमुळत्या) रोलरचा सेट टाकला. मधे अख्खा पावसाळा गेला, साडेसहा हजार किलोमीटर झाले. पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं, म्हणून लिहायला थांबलो होतो.

आधी त्रास काय होता ते सांगतो, कारण तो ओळखण्यातच वर्ष गेलं. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाईना, सारखी जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे. पुढचा टायर बदलला, शॉकअपचं ऑइल बदललं, काही फरक नाही. शेवटी डबल स्टँडवर लावून, मागे भावाला बसवून पुढचं चाक उचललं आणि एका बोटाने हँडल फिरवलं. बरोबर मधोमध आलं की खाचेत बसल्यासारखं अडकायचं.

उघडल्यावर खालच्या वाटीत (गोळ्या जिच्यात फिरतात ती रिंग) नखाला लागतील असे खड्डे दिसले, गोळ्यांच्याच आकाराचे. वरची वाटी बरीच बरी होती. रस्त्याचे दणके मुख्यतः खालचीच सोसते. त्यात गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, त्यामुळे गोळ्या वर्षानुवर्षं त्याच जागी मार खातात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि लोखंडाला लोखंड घासतं. टेपरचा रोलर लांबीभर टेकतो, भार जास्त जागेवर वाटला जातो. मी तो निवडला एवढ्यासाठीच.

काम जुन्या ओळखीच्या मेकॅनिककडे केलं, शेजारी उभं राहून. जुन्या वाट्या हेडपाइपमधून (फ्रेमच्या पुढच्या नळीतून) लांब सळईने, आलटून पालटून दोन्ही बाजूंना ठोकत काढल्या. नवी बसवताना तिच्यावर जुनी वाटी ठेवून ठोकलं, म्हणजे हातोडा नव्या वाटीला लागत नाही. वाटी तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, तिथे थांबायचं. टी म्हणजे दोन्ही शॉकअप धरणारा, हेडपाइपमध्ये फिरणारा भाग; त्याच्या दांड्यावरची खालची रिंग मात्र हट्टी, छिन्नीने उचलायला पाऊण तास लागला.

खरी कसोटी कोनसेटचा नट आवळण्याची. आधी घट्ट आवळून हँडल दहा-बारा वेळा दोन्हीकडे फिरवलं, मग सैल करून पुन्हा हलक्या हाताने आवळला. चाक अधांतरी असताना हँडल मधून जरा ढकललं की आपल्या वजनाने कडेला पडलं पाहिजे. आणि शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढली तर ‘टक्’ होता कामा नये. जास्त आवळला तर कमी वेगात गाडी झोकांड्या खाते. टेपर सेटला लोक नावं ठेवतात ती बरेचदा या आवळण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

सहाशे किलोमीटरनंतर पुढचा ब्रेक दाबला की बारीक ‘टक्’ यायला लागलं. नव्या वाट्या वापराने अजून जरा बसल्या आणि सेट किंचित सैल झाला होता. नट अगदी थोडा आवळला, तेव्हापासून पाना लावलेला नाही. ही दुसरी फेरी टाळू नका, खाचा पडायला तिथूनच सुरुवात होते.

तक्रारी दोन. गाडी उभी असताना हँडल पहिल्यापेक्षा किंचित जड लागतं. चालताना ते कळत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: सेटबरोबर आलेलं खालचं रबरी सील पातळ आहे. गणपतीनंतर टी जरा खाली सोडून पाहिलं, तर वरचं ग्रीस स्वच्छ, खालचं कडेने मळकट. रोलरला गंज नव्हता, पण आता धुताना हेडपाइपवर प्रेशरचं पाणी मारू देत नाही. आणि सेट घेताना त्याची उंची पाहून घ्या. जास्त असेल तर वरच्या नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत, तसा सेट बसवू नका.

घाटाच्या उतारावर, वळणाच्या मधोमध ब्रेक लावला तरी गाडी आता आपली रेघ सोडत नाही. मे महिन्यात, पावसाआधी, टी पुन्हा उतरवून नवं ग्रीस भरणार आहे. सेट हाच ठेवून.