इगतपुरीचे दहा दिवस की बेनेडिक्टाइन सिस्टरांचा पाहुणचार?

‘जरा शांत कुठेतरी जाऊन राहावं’ म्हटलं की नाशिककराच्या तोंडी पहिलं नाव येतं इगतपुरीचं. साहजिकच आहे. तिथल्या धम्मगिरी केंद्रात १९७६पासून विपश्यना या ध्यानपद्धतीची दहा दिवसांची शिबिरं होतात, नाशिक रोडहून रेल्वेने तासाभराचं अंतर आणि ओळखीपाळखीत एक तरी जण दहा दिवस करून आलेला असतोच. दुसरी वाट मात्र सहसा कुणी सुचवत नाही. बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे राहणाऱ्या कॅथलिक सिस्टरांच्या मठात चार-आठ दिवस पाहुणा म्हणून राहायचं. आपल्याकडे सिस्टर म्हणजे शाळेतली किंवा दवाखान्यातली, नाहीतर फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेत गर्दी आवरताना दिसणारी. मठातल्या सिस्टरांचा दिवस निराळा. बंगळूरला शांती निलयम नावाचा त्यांचा मठ आहे. मनमाडला कर्नाटक एक्सप्रेस पकडली तर जवळजवळ एका दिवसाचा प्रवास. म्हणजे अंतराच्या हिशेबात इगतपुरी आधीच जिंकली.

पण अंतर हा खरा मुद्दाच नाही. धम्मगिरीचं वेळापत्रक तुमच्यासाठी आखलेलं आहे. मठाचं तुमच्यासाठी नाही. तुम्ही आलात काय, न आलात काय, घंटा वाजणारच.

इगतपुरीत पहाटे चारला उठायचं आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात दहा-साडेदहा तास बैठक. पहिले तीन दिवस श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि मग तासभर न हलता बसण्याचं अधिष्ठान सुरू होतं. गुडघ्यांचा खरा निकाल तिथे लागतो. बोलणं बंद, फोन जमा, वाचन-लेखनही नाही. नाश्ता आणि अकराचं जेवण. संध्याकाळी नव्या साधकाला चहा-फळं, जुन्याला लिंबूपाणी. आपली पूजा-प्रार्थनाही तेवढे दिवस बाजूला ठेवावी लागते. हे ज्याला पटत नाही त्याने अर्जच करू नये, कारण शिबिर अर्ध्यावर सोडायचं नाही ही पहिली अट आहे. गंभीर मानसिक आजार असेल तर स्वतः संस्थाच ‘येऊ नका’ म्हणते. हे हसण्यावारी नेऊ नका.

मठातही पहाटच. मात्र तिथे तुम्हाला कुणी काही शिकवायला बसलेलं नसतं. पहाटेच्या प्रार्थनेला सिस्टर समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहून बायबलमधली स्तोत्रं म्हणतात, एक ओळ एक कडवं, दुसरी ओळ पुढचं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने जी नियमावली लिहिली तिच्यात सगळी १५० स्तोत्रं आठवड्यात पुरी करायला सांगितली आहेत. आज बरेच मठ ती दोन किंवा जास्त आठवड्यांत वाटून घेतात. मग मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची मुख्य उपासना), न्याहारी, काम, दुपारची छोटी प्रार्थना, जेवण, वाचन, पुन्हा काम, सायंप्रार्थना, थोडा वेळ एकत्र गप्पा आणि रात्रीची प्रार्थना. त्यानंतर सकाळपर्यंत मौन.

कामात काही नवल नसतं. बाग, शिलाई, स्वयंपाक, धुणं, हिशेब. पण या कामांकडे बघण्याची दृष्टी नियमावलीत फार बारकाईने आली आहे. मठातली भांडीकुंडी, अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत असं तिच्या ३१व्या प्रकरणात आहे. विळी असो की खुरपं. स्वयंपाकघराची पाळी आठवड्याने बदलते. ३५व्या प्रकरणानुसार पाळी संपलेल्याने शनिवारी साफसफाई करायची, हात-पाय पुसायची फडकी धुवायची आणि नव्या पाळीवाल्याच्या जोडीने सगळ्यांचे पाय धुवायचे. वाढणाऱ्यांनी कुरकुर करू नये म्हणून जेवणाआधी त्यांना थोडं पेय आणि पाव द्यावा, अशीही सोय तिथेच. उपाशीपोटी वाढायला लागणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो हे या संताला पक्कं माहीत होतं! झोपाळूंवरही त्याची नजर आहे. पहाटे उठताना एकमेकांना हळूच प्रोत्साहन द्या म्हणतो, कारण झोपाळू माणसाकडे सबबी तयार असतात. प्रत्येक मठ आज हे सगळं शब्दशः पाळतो असं नाही, पण पाळ्या, जेवताना एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हा साचा अजून ओळखू येतो.

वाचनाच्या बाबतीत तर दोन्ही ठिकाणं उलट्या टोकांना. धम्मगिरीला पुस्तक जमा करावं लागतं, मठात वाचन हेच दिवसाचं एक काम. बंगळूरकडे जाताना मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता जवळ ठेवा. इंग्रजी प्रार्थना कानावरून जाऊ नयेत एवढ्यासाठी. ख्रिस्ती नसाल तरी पाहुणा म्हणून अडचण नाही. आलेल्याचं स्वागत ख्रिस्ताचं करावं तसं करा, असं ५३वं प्रकरण सांगतं. फक्त तुमच्याशी गप्पा मारायला सिस्टर मोकळ्या असतील ही अपेक्षा नको. पाहुणे वेळी-अवेळी येतात, त्यांच्यामुळे मठाची घडी विस्कटू नये, हेही त्याच प्रकरणात आहे.

माझं मत विचाराल तर: मनाला एखादी साधना लावून घ्यायची असेल, घरी आल्यावर रोज करता येईल असं काही हातात हवं असेल, तर इगतपुरी. दहा दिवसांत जे शिकाल ते कुठेही करता येतं. पण कामाच्या रगाड्याने दमला असाल आणि पुन्हा नवं काही ‘साधायचं’ नाव काढलं तरी कपाळाला आठी पडत असेल, तर मठ. तिथे तुमच्यावर कामगिरीचं ओझं नाही. स्तोत्रं चुकली तर चुकली, बाकीच्या जणी म्हणतच असतात. मला ही दुसरी सोय जास्त मोलाची वाटते, पण मठातून परतताना पदरात दाखवण्यासारखं काही नसतं, हेही खरं.

कुणी मुलगी कायमची जायचा विचार करत असेल तर आठ दिवसांच्या पाहुणचारावरून काही ठरवू नये. नवदीक्षेचं, म्हणजे व्रतांआधीच्या शिकाऊ काळाचं, किमान एक वर्ष, मग काही वर्षांची तात्पुरती व्रतं आणि नंतर आजन्म व्रतं, असा तो लांबचा रस्ता आहे. त्यात आज्ञापालन आणि मठाच्या रीतीने जगण्याच्या व्रताबरोबर स्थैर्याचंही व्रत असतं, म्हणजे याच मठात, याच बायकांसोबत आयुष्य काढायचं. शाळा-दवाखान्यांच्या संस्थांमध्ये सिस्टरची बदली होत राहते; इथे साधारणपणे तसं नसतं. शेजारच्या खोलीतलीशी पटलं नाही तरी चाळीस वर्षं जेवायला समोर तीच.

पैशाचं थोडक्यात: धम्मगिरीला शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर ऐच्छिक दान. मठात आधी विचारून घ्यावं आणि त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. पुरुष पाहुण्यांची सोय आहे का, आणि त्या तारखांना सिस्टरांची स्वतःची वार्षिक तपसाधना (मौनात, प्रार्थनेत काढायचे काही दिवस) तर नाही ना. ती असली की पाहुण्यांना सहसा पुढची तारीख मिळते.