फ्रोझन फोर, टॅम्पा: कप हुकला, पण तिकीट वसूल

शनिवार, ८ एप्रिल २०२३. ओव्हरटाइम सुरू होणार होता आणि आमचे हे कॉफीचे दोन पेले सांभाळत वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढत होते. मी जागेवरूनच ओरडले, "अहो, तिथंच थांबा, खाली बघा!" ते वळले तोवर गोल पडून मॅच संपलेली, ओव्हरटाइममध्ये पहिला गोल पडला की खेळ खलास. फक्त दहा सेकंदांत. अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीच्या फायनलमध्ये ओव्हरटाइमचा इतका झटपट गोल याआधी कधी झाला नव्हता, आणि तो आमच्यावर झाला.

आम्ही म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटा, गोल्डन गोफर्स. मुलगी तेव्हा तिथे दुसऱ्या वर्षाला होती. मी मूळची कोल्हापूरची. लहानपणी बाबांचं बोट धरून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचेस बघितल्या. पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं हे तिथं शिकले. मिनियापोलिसला आल्यावर पंधरा वर्षं तसं ओरडायला काही मिळालं नव्हतं. मुलीने पहिल्यांदा कॉलेजच्या हॉकीला नेलं, बँड सुरू झाला, समोरच्या गोलकीपरकडे बोटं दाखवून सगळी पोरं "चाळण! चाळण!" अशा अर्थाचं इंग्रजीत ओरडायला लागली, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

फ्रोझन फोर म्हणजे देशातल्या शेवटच्या चार टीम. गुरुवारी दोन सेमीफायनल, शुक्रवारी सुट्टी, शनिवारी फायनल. प्रोफेशनल हॉकीत सात मॅचची मालिका असते, आज हरलं तर परवा भरून काढता येतं. इथे एकच मॅच. माझ्या मते म्हणूनच हा खेळ बघायचा तर असा बघावा.

जागेबद्दल आधी सांगते, कारण जाणाऱ्याला तेच उपयोगी. फ्लोरिडातल्या टॅम्पाचं ॲमली अरीना (हे तेव्हाचं नाव) म्हणजे टॅम्पा बे लायटनिंग या प्रोफेशनल हॉकी टीमचं घर, एकोणीस हजार प्रेक्षकांचं. आमची तिकिटं सगळ्यात वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. मी जराशी खट्टू होते, पण बसल्यावर लक्षात आलं की हॉकी वरूनच बघावी. टीव्हीचा कॅमेरा पकच्या मागे पळतो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाड रबरी चकती, ती दिसते ना दिसते. वरून मात्र दहाही खेळाडू एकदम दिसतात. कोण मागे राहिला, कुठे वाट उघडली, पास कुणाला जाणार, हे पक पोचायच्या आधी कळतं. खाली काचेजवळ बसणाऱ्यांना अंगावर धडकणारे खेळाडू दिसतात, तेही थरारक असणार. पण पैसे वाचवून वरचंच तिकीट घ्या, असं मी मनापासून सांगेन.

आत थंडी आहे, स्वेटर न्याच. आम्ही मिनेसोटाहून आलेलो. तिकडे एक एप्रिलला सकाळी गाडीवरचा ओला, जड बर्फ खरवडत होतो, आणि आठवड्याभरात टॅम्पाच्या दमट उन्हात घाम पुसत होतो. बाहेर उकाडा, आत बर्फ, असं दिवसातून दोनदा. गाडी नेऊ नका. यीबोर सिटी या टॅम्पाच्याच भागातून फुकट ट्रॅम आहे, ती अरीनाजवळ सोडते. शुक्रवारच्या सुट्टीत यीबोरलाच क्यूबन सँडविच खाल्लं. टॅम्पावाले त्यात हॅमबरोबर सलामी घालतात. चांगलं लागलं, पण हॉटेलवर परत येऊन भडंगाची पिशवी फोडली तेव्हाच जेवल्यासारखं झालं.

तक्रार एकच, ती तिकिटं विकणाऱ्याबद्दल. आम्ही उशिरा जागे झालो आणि रिसेलच्या एका साइटवरून घेतली. यादीत एक भाव दिसला, आणि कार्ड नंबर टाकून झाल्यावर शेवटच्या पानावर प्रत्येक तिकिटामागे फी चढली. तीन तिकिटांची फी मिळून चौथं तिकीट आलं असतं. ज्यांना जायचंय त्यांनी अधिकृत विक्री उघडताच तिन्ही मॅचचं एकत्र तिकीट घ्यावं.

सेमीफायनलला आम्ही बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ ने हरवलं. दुसरीकडे कनेटिकटच्या क्विनिपियॅकने मिशिगनला ५-२ ने घरी पाठवलं. गर्दीत मिशिगन आणि बॉस्टनवाले फायनललाही आले होते, आपापल्या जर्सीत. नुसते तेच नाहीत, जी कॉलेजं या चारात नव्हतीच त्यांच्याही जर्सी दिसत होत्या. अशी माणसं दरवर्षी येतात, टीम असो वा नसो. माझ्या शेजारच्या आजोबांच्या अंगात नॉर्थ डकोटाची जर्सी होती, म्हणजे आमचे पक्के वैरी. त्यांनी मला पूर्ण तीन पिरियड, म्हणजे मॅचचे तिन्ही भाग, खेळ समजावला.

पहिला गोल आमचा, जॉन मिटलस्टॅटचा. दुसऱ्या पिरियडमध्ये जॅक्सन नेल्सनने २-० केलं. आमचा बँड सुटला, मुलगी खाली विद्यार्थ्यांच्या घोळक्यात नाचताना मला वरून दिसली. मिनेसोटाने शेवटचा कप २००३ साली घेतला होता, तिच्या जन्माच्याही आधी. थोड्या वेळाने क्विनिपियॅकच्या क्रिस्तोफ टेलिएने एक फेडला. तिथून मॅच बदलली.

तिसरा पिरियड मी विसरू शकणार नाही. आमच्याकडे लोगन कूली, मॅथ्यू नाइज अशी पोरं, ज्यांच्यासाठी एनएचएलच्या, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या टीम वाट बघत होत्या. नाइजने तर फायनलच्या दुसऱ्याच दिवशी टोरोंटोच्या टीमशी करार केला. क्विनिपियॅककडे चार-पाच वर्षं एकत्र खेळून मुरलेली पोरं. आम्हाला आमच्या अर्ध्या मैदानातून बाहेरच पडू देईनात. पक कडेच्या बोर्डाला लागला की दोघं अंगावर, सुटला की तिसरा हजर. पूर्ण मॅचमध्ये त्यांचे शॉट ३० आणि आमचे १५, यावरून काय ते समजा. आमचा गोलकीपर जस्टन क्लोज एकटा किल्ला लढवत होता. आजोबा म्हणाले, "तुमची पोरं घड्याळ बघून खेळतायत." ते खरं होतं. एका गोलची आघाडी जपत बसणं हा आमच्या पोरांचा खेळच नव्हे, आणि याचा मला अजून राग आहे.

मग क्विनिपियॅकने आपला गोलकीपर बाहेर काढून सहावा खेळाडू आत आणला. मागे जाळी सताड उघडी. एक पक हुकला असता तर तिथंच संपलं असतं. २ मिनिटं ४७ सेकंद उरलेली असताना कॉलिन ग्राफने बरोबरी केली.

ओव्हरटाइमआधी पंधरा मिनिटांची मधली सुट्टी. हे कॉफी आणायला गेले. मी हललेसुद्धा नाही.

मधल्या वर्तुळात फेसऑफ झाला, म्हणजे पक टाकून खेळ सुरू झाला. पक झॅक मेट्साकडे मागे गेला, त्याने पुढे सोडला तो सॅम लिपकिनला, आणि त्याच वेळी मला वरून दिसलं की मधून जेकब क्विलन मोकळा निघालाय. मी मराठीत ओरडले, "अरे मधला बघा!" लिपकिनचा पास, क्विलनने क्लोजला हुलकावणी दिली, पक आत. समोर हातमोजे, हेल्मेट, स्टिका सगळं हवेत. ३-२. क्विनिपियॅकचा पहिला कप. २०१३ आणि २०१६ च्या दोन्ही फायनल हरलेली टीम ती, आणि त्यांनी हा कप ओढून नेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी तो कमावला.

मुलगी भेटली तेव्हा तिचा चेहरा रडून लाल झाला होता. मी तिला जवळ घेतलं, बोलले काहीच नाही. ट्रॅमसाठी रांगेत क्विनिपियॅकच्या जर्सीतली एक बाई होती, तिचेही डोळे सुजलेले. तिने मुलीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझी टीम छान खेळली." तिचा मुलगा तिथेच शिकतो असं नंतर कळलं.

कॉफी यांनी हॉटेलपर्यंत तशीच आणली, गार झालेली. ती आम्ही तिघांनी भडंगाबरोबर प्यायली. पुढच्या वर्षीची, २०२४ ची फ्रोझन फोर सेंट पॉलला होती, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. तेव्हाच ठरवलं, या वेळी तिकिटं विक्री उघडेल त्याच दिवशी घ्यायची, वरच्याच मजल्यावरची. आणि कॉफी आणायला कुणीही जायचं नाही.