डिझेलची होडी विजेवर न्यावी का? खाडी, धरण आणि दर्याचा हिशेब वेगळा

२५ फुटी प्रवासी होडी, आत १० एचपीचं डिझेल इंजिन, आणि ते आता ओव्हरहॉलला आलंय. पुन्हा त्यातच पैसे घालायचे की मोटर-बॅटरी बसवायची? माझं मत आधीच सांगतो. मोटर कुठली, हे नंतर बघा. होडी कुठल्या पाण्यात आणि किती वेगाने चालते, त्यावर सगळं ठरतं.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातला पाव हिस्साच शाफ्टपर्यंत, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचवतं, म्हणजे अडीच युनिट. बाकी धूर आणि उष्णता. मोटर ८५ टक्क्यांपर्यंत पोचवते. इथवर वीज जिंकते. पण ५१.२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत, तर तिच्यात १० युनिट मावतात. त्यातली ८० टक्के वापरायची आणि मोटरचा तोटा वजा करायचा, की शाफ्टवर उरतात ७. म्हणजे पावणेतीन लिटर डिझेल. तुमच्या २० लिटरच्या एका कॅनला अशा सात बॅटऱ्या लागतील. हा आकडा पचला तरच पुढे जा.

वाचवतो तो कमी वेग. ४ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) होडी जेवढी ताकद मागते, त्याच्या जवळपास दुप्पट ५ नॉटला मागते. समजा ४ नॉटला शाफ्टवर २ किलोवॅट लागले, तर वरची बॅटरी साडेतीन तास चालेल, १४ सागरी मैल. ५ नॉटने निघालात तर पावणेदोन तासांत, नऊ मैलही न कापता, संपेल. डिझेलवर हा फरक कुणाला जाणवत नाही, कारण टाकीत भरपूर असतं.

आता पाणी बघा. देवबागला कर्ली खाडीतली फेरी छोटी, वस्ती दोन्ही काठांना, रात्री होडी घरामागे बांधलेली. इथे मी बिनदिक्कत विजेच्या बाजूने आहे. आवाज कमी म्हणून पक्षी कमी बुजतात, आणि इंजिनाखालचं तेलकट पाणी उपसून खाडीत टाकणं थांबतं. त्याच खाडीत बायका कालवं-तिसऱ्या काढतात, हे विसरून चालणार नाही. मात्र मुखाजवळचा ओढ हिशेबात धरा. ओहोटीला २ नॉटचा ओढ असेल आणि होडी ४ नॉटची, तर त्याविरुद्ध परतताना काठ फक्त २ नॉटने सरकतो. बॅटरी भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांवर नव्हे, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर मोजा.

बामणोलीहून वासोट्याला जाणारी होडी हा मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न आहे. शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, त्या काठाला जंगल आहे, शांतता तिथेच सगळ्यात मोलाची. पण एका बाजूने तास-दीड तास, पलीकडे चार्जिंग नाही, आणि पर्यटकांना अंधाराआधी परत आणायचं असतं. वेग कमी केला तर गड चढायला वेळ उरत नाही. एका छोट्या बॅटरीवर हे करू नका. मोठी बॅटरी पेलणारी हलकी नवी होडी बांधायची असेल तरच विचार करा. केरळात वायकोमला जानेवारी २०१७ पासून धावणारी ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट अशीच चालते: जुनी बोट बदललेली नाही, सडपातळ दुहेरी सांगाडा मुळातच विजेसाठी बांधलेला. मासेमारीला दर्यात जाणाऱ्याने तर डिझेलच ठेवावं, शिवाय त्याला डिझेलवरच्या कराचा परतावा मिळत असेल तर बचतही आटते.

बॅटरीत शिशाची स्वस्त म्हणून घेऊ नका. ती निम्मीच वापरता येते, म्हणून तेवढ्याच कामासाठी साडेचारशे किलोच्या आसपास वजन होतं. लिथियमचं शंभरच्या पुढेमागे. फरक पाच प्रवाशांचा! बॅटरी खाली आणि मधोमध ठेवा, पण बिल्जच्या, म्हणजे होडीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यापासून वर. माणसं बसवून होडीचा तोल बघा. जुना पंखा (प्रोपेलर) मोटरच्या फेऱ्यांशी जुळेलच असं नाही. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा बरा, पण ओहोटीला तो वाळूत घासता कामा नये.

पैशांचं थोडक्यात: डिझेल ९० रुपये लिटर, वीज १० रुपये युनिट धरली, तर रोज एक बॅटरी रिकामी करणाऱ्याचे सव्वाशे-दीडशे रुपये वाचतात. पावसाळ्यात वाहतूक बंद, म्हणजे २०० दिवसांचे २५ ते ३० हजार. कोटेशनमधून ओव्हरहॉलचा खर्च वजा करा आणि याने भागा. फक्त शनिवार-रविवार चालणाऱ्या होडीचा खर्च भरून निघणं कठीण.

डिझेल बंद पडलं तर बंदरात मिस्त्री भेटतो. मोटरला वीज पुरवून वेग सांभाळणारा कंट्रोलर खारं पाणी लागून गेला तर तोच मिस्त्री नुसतं बघत उभा राहील. म्हणून जादा कंट्रोलर, वल्ही आणि नांगर जवळ हवेतच. आणि इंजिन काढण्याआधी होडी तपासणाऱ्या सर्वेक्षकाशी बोला. नोंदणीत इंजिन लिहिलेलं असतं.

काही विकत घेण्याआधी आठ दिवस आहे त्याच इंजिनावर, मोबाइलच्या जीपीएसवर बघत, ४ नॉटने फेऱ्या मारा. रोज किती लिटर गेलं ते लिहा आणि अडीचने गुणा. शाफ्टवर लागणारी युनिटं तीच. गिऱ्हाईक त्या वेगाला कुरकुरलं का, तेही शेजारी लिहा.