लेव्ही संग्रह: नऊ महिने जुन्या अमेरिकन गाण्यांच्या सोबतीत

मी पियानो शिकवते. विद्यार्थ्यांसाठी हक्कमुक्त आणि वाजवायला बेताची गाणी शोधताना नऊ महिन्यांपूर्वी लेव्ही संग्रह सापडला. बाल्टिमोरच्या लेस्टर लेव्ही यांनी आयुष्यभर छापील गाणी जमवली आणि ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला दिली. १७८० ते १९८० या काळातली सुमारे तीस हजार अमेरिकन गाणी, आणि जुनी असतील ती पानन् पान घरबसल्या, फुकट पाहता येतात.

पहिले दोन महिने मी मुखपृष्ठ ओलांडून थेट नोटेशनवर जायचे. ती माझी चूक होती. आता आधी तळाची बारीक ओळ वाचते: हक्क कोणाच्या नावावर, कोणत्या साली, प्रकाशकाचा पत्ता काय. या सवयीमुळेच संग्रह खऱ्या अर्थानं उघडला.

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन गीतकार-संगीतकार स्टीफन फॉस्टर, त्याचंच बघा. १८५१ च्या ‘ओल्ड फोक्स ॲट होम’च्या मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून ई. पी. क्रिस्टी हे नाव आहे. क्रिस्टी हा गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून करायच्या ‘मिन्स्ट्रेल’ तमाशाचा मालक. फॉस्टरनं पैसे घेऊन त्याला श्रेय दिलं, पुढच्याच वर्षी पत्र लिहून नाव परत मागितलं, ते मिळालं नाही. गाण्याची रॉयल्टी मात्र फॉस्टरला मिळत होती. १८५७ साली नड आली तेव्हा पुढची रॉयल्टीही त्यानं प्रकाशकांना एकरकमी विकून टाकली. १८६४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रुग्णालयात तो वारला तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि बटव्यात अडतीस सेंट होते. हे मला आधी वाचून माहीत होतं. पण क्रिस्टीचं नाव ठसठशीत छापलेलं ते पान समोर आलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढे जाऊ शकले नाही.

दुसरा छंद लागला तो प्रकाशकांच्या दुकानांच्या पत्त्यांचा. एकाच प्रकाशकाची गाणी सालवार लावली की दुकान न्यूयॉर्कमध्ये नाटकगृहांच्या मागोमाग उत्तरेकडे सरकताना दिसतं. विटमार्क बंधू १८९३ मध्ये चौदाव्या रस्त्याजवळून वेस्ट २८ व्या रस्त्यावर आले, पाठोपाठ इतर आले, आणि त्या एका गल्लीला पत्र्याच्या भांड्यांची गल्ली, अर्थात ‘टिन पॅन अ‍ॅली’ म्हणू लागले. खिडक्या उघड्या टाकून एकाच वेळी वाजणारे डझनभर पियानो, खाली रस्त्यावर नुसता गलबला. ग्राहकाला गाणं वाजवून दाखवून गळी उतरवणारे ‘प्लगर’ इथेच कामाला असत. पुढे मोठा संगीतकार झालेला जॉर्ज गर्श्विन पंधराव्या वर्षी शाळा सोडून रेमिक कंपनीत याच कामाला लागला, आठवड्याला १५ डॉलरवर.

या धंद्याला एवढी धार कशामुळे आली, याचं उत्तर चार्ल्स हॅरिसच्या ‘आफ्टर द बॉल’मध्ये आहे. मिलवॉकीच्या या माणसानं ते विकून न टाकता स्वतःच छापलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नामवंत बँडमास्टर सूझाच्या बँडनं ते वाजवलं आणि प्रती लाखांनी खपल्या. कृष्णवर्णीय संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीला हाच धडा उलट्या बाजूनं मिळाला. ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क त्यानं १९१२ मध्ये पन्नास डॉलरना दिले, पैसा दुसऱ्यांनी केला. १९१४ चं ‘सेंट लुइस ब्लूज’ मात्र त्यानं भागीदारीतल्या स्वतःच्या कंपनीतून काढलं. मोठ्या विद्यार्थ्यांना मी ही दोन गाणी पाठोपाठ शिकवते.

आता एक गोष्ट पालक आणि शिक्षकांसाठी, अगदी मनापासून. १८९० ते १९१० च्या दरम्यानची बरीच मुखपृष्ठं कृष्णवर्णीयांची किळस येईल अशी विटंबना करणारी आहेत, शब्दही तसेच. ती लपवलेली नाहीत, आणि लपवू नयेत असंच माझं मत आहे, कारण या धंद्याचा मोठा पैसा त्यांतूनच आला. पण मुलांना एकटं संग्रहात सोडू नका. मी आधी पाहते, मग दाखवते, आणि दाखवताना स्कॉट जॉप्लिन या कृष्णवर्णीय संगीतकाराचा ‘मेपल लीफ रॅग’ वाजवते. त्याची प्रत ५० सेंटना विकली जाई, जॉप्लिनला प्रतीमागे एक सेंट मिळे.

वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रकाशनाला ९५ वर्षं झाली नसतील तर अमेरिकेत हक्क शाबूत असू शकतात, आणि तसं असेल तर गाण्याचं मुखपृष्ठच दिसतं. आणि हा कागदांचा संग्रह आहे, ऐकायला काही मिळणार नाही. नोटेशन वाचता येत नसेल तर जवळ कुणीतरी वाजवणारं हवं. प्रिंट काढायची तर कृष्णधवल काढा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानानं रंगीत काढून दिल्या त्यात पिवळ्या कागदात स्वरच बुडाले.

पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये फॉस्टरचं १८५४ चं ‘जीनी विथ द लाइट ब्राउन हेअर’ घेणार आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅस्कॅप या रचनाकार-प्रकाशकांच्या संस्थेनं रेडिओकडे जास्त पैसे मागितले, आणि १९४१ मध्ये जवळजवळ दहा महिने मोठ्या रेडिओ कंपन्यांनी तिच्या सभासदांची गाणी लावलीच नाहीत. मग हक्क संपलेलं, कुणालाच पैसे द्यावे न लागणारं हे गाणं देशभर सतत वाजत राहिलं. मुलांना आधी वाजवून दाखवीन, हे मग सांगेन.