बालरोगतज्ज्ञांसाठी दातांची कीड ओळखण्याचं प्रशिक्षण, जळगाव : सकाळ उत्तम, दुपार कच्ची

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचं दीड वर्षाचं मूल दंतवैद्याकडे सहसा जात नाही, पण गोवर-रुबेलाच्या लसीला येतं. कीड वेळेत दिसायची तर ती लस देणाऱ्या डॉक्टरलाच दिसली पाहिजे. हे प्रशिक्षण तिथूनच सुरू होतं, ते योग्यच.

सकाळचं तपासणीचं सत्र मन लावून करावं असं आहे. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. मुलाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं डॉक्टरच्या मांडीवर, हात आईने धरलेले. मग वरचा ओठ उचलून पुढच्या दातांची हिरडीलगतची कड पाहायची. कीड पहिल्यांदा तिथे येते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळेमुळे बराच काळ वाचतात. नुसतं 'आ कर' म्हणून टॉर्च मारला की नेमकी हीच जागा सुटते.

दुसरी चूक ओल्या दाताची. लाळ असेपर्यंत किडीचा सुरुवातीचा पांढरा पट्टा लपून राहतो. गॉजने चिकट थर पुसून दात कोरडा केला की तो खडूसारखा उठून दिसतो. खरखरीत आणि निस्तेज असेल तर कीड चालू आहे. गुळगुळीत, चकचकीत असेल तर बहुधा थांबलेली. टोकदार प्रोब (दात तपासायची सळी) टोचायचा नाही, मऊ पडलेलं आवरण त्याने फुटतं. हे शिक्षकांनी पुन्हा पुन्हा बजावलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे डाग, मात्र घाईत उरकला. बोअरचं पाणी पिणाऱ्या गावांत कीड की फ्लोरोसिस हा गोंधळ होणारच. फ्लोरोसिसचे डाग जोडीच्या दातांवर सारखे, धूसर कडांचे असतात. किडीचा पट्टा हिरडीच्या वळणाने जातो. यासाठी फोटोंचा भरपूर सराव हवा होता.

कीड रोखायला दातांवर लावायच्या फ्लोराइड वार्निशचं प्रमाण नीट सांगितलं: 5 टक्के सोडियम फ्लोराइड, दुधाच्या सगळ्या दातांना मिळून 0.25 मिलि, पातळ थर, दर 3 ते 6 महिन्यांनी. त्या रात्री ब्रश नाही, कडक किंवा गरम खाणं नाही. तोंड आलेलं असेल तर पुढे ढकलायचं. पण सराव प्लास्टिकच्या जबड्यावर. वळवळणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या मुलाच्या तोंडात हात वेगळा चालवावा लागतो. तो कुठे शिकायचा?

समुपदेशन सगळ्यात कमजोर. 'गोड कमी द्या' एवढ्याने आईला काहीच कळत नाही. झोपतानाची साखरेच्या दुधाची बाटली, मधात बुडवलेली चोखणी, चहात बुडवलेलं बिस्किट, रात्री दिलेलं गोड सिरप, असं एकेक विचारायला हवं. पेस्ट 1000 पीपीएम फ्लोराइडची, 3 वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी. आणि 'दूधना दात, पडीच जातीन' म्हणणाऱ्या आजीला सांगायचं की दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत लागतात.

कीड सापडल्यावर मूल कुठे पाठवायचं, याची तालुकावार यादी मिळाली नाही. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी ती आधीच मागून घ्यावी.