फिशटँकचं ‘सेंट्रल फिल्ट्रेशन’ करून देणाऱ्यांपासून सांभाळा, माझे 67,800 रुपये गेले

‘कस्टम रॅक, सेंट्रल फिल्ट्रेशन, पाच वर्षं टेन्शन नाही’ असं म्हणत घरी येऊन मापं घेणारे पुण्यात हल्ली बरेच झालेत. त्यातल्या एकानं मला बुडवलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण वकील म्हणाले की लिहिलंत तर तोच तुमच्यावर उलटेल. म्हणजे फसवणाऱ्याची अब्रू जपायची ती पण मीच!

मी यातला नवखा नाही. बरीच वर्षं एंजल आणि गप्पी मासे पाळतोय, एंजलची पिल्लं घरी काढलीत. प्रत्येक टाकीला वेगळा स्पंज फिल्टर, एअर पंप आणि नळ्यांचं जंजाळ, याला घरचे कंटाळले होते. म्हणून ठरवलं, सहा टाक्यांची तीन मजली रॅक, खाली एक संप, म्हणजे सगळ्या टाक्यांचं पाणी उतरून गाळलं जातं ती टाकी, आणि ते परत वर चढवायला एकच पंप. कल्पना चुकीची नाही, भलेभले ब्रीडर अशीच सिस्टिम चालवतात. एका टाकीत व्हाइट स्पॉट, म्हणजे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग, झाला की पाण्यावाटे सहाही टाक्यांना होतो, हे मला माहीत होतं आणि त्यासाठी आजारी माशांची टाकी मी वेगळीच ठेवली होती.

कोटेशन 72,000 चं. दोन बाय एक बाय सव्वा फुटाच्या सहा टाक्या, म्हणजे प्रत्येकी साधारण 70 लिटर. तीन बाय सव्वा बाय सव्वा फुटाचा संप, म्हणजे 130 लिटर. पंप ताशी 4,000 लिटरचा, ‘जर्मन’. ॲडव्हान्स 35,000, काचा घरी आल्या तेव्हा 25,000, आणि वर ‘जपानी सिरॅमिक रिंगा’ (पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया यांवर बसतात) 12 किलो, 650 रुपये किलोनं 7,800. सगळं यूपीआयनं. नाव भलत्याच बाईंचं आलं, तर म्हणाला, मिसेसचं अकाउंट आहे. अर्ध्या पुण्याचे धंदे मिसेसच्या अकाउंटवर चालतात, त्यात शंका काय घेणार? पण तुम्ही घ्या. पक्कं बिल नाही तर पैसे नाहीत, एवढं एकच धरून बसा.

संप आला तो अडीच बाय एक बाय एकचा, 70 लिटरचा. ‘साहेब, रॅकच्या पायात एवढाच बसतो, वरून प्लायचं झाकण येणार, दिसणार पण नाही.’ वरच्या टाक्यांत पाणी लघवीच्या धारेसारखं पडत होतं, तर म्हणे, ‘पंप नवीन आहे, हळूहळू प्रेशर धरेल.’ पंप प्रेशर धरत वगैरे काही नाही. खोक्यावरचे लिटर शून्य उंचीला मोजलेले असतात, पाणी जितकं वर चढवाल तितकं ते कमी होतं, आणि एच-मॅक्सच्या, म्हणजे पंपाच्या कमाल उंचीला धार शून्य. तो आकडा आधी वाचा, मग लिटर.

आता ती दहा मिनिटं. आठवली की अजून डोकं भणभणतं.

ट्रायल चालू होती. मी विचारलं, ‘लाइट गेली तर?’ तो म्हणाला, ‘एनआरव्ही टाकलाय ना.’ म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. मी म्हटलं, ‘बरं, एकदा प्लग काढून बघू,’ आणि बोर्डाकडे हात नेला. त्यानं माझा हात धरला. अक्षरशः मनगट धरलं! ‘साहेब, नवीन पंप पहिले आठ दिवस बंद-चालू करायचा नसतो, एअर पकडतो, मग वॉरंटी जाते.’ त्याचा पोरगा मागून हसला. मला वाटलं, माझ्या अज्ञानाला हसला. तो कशाला हसला ते नंतर कळलं. समोर शर्टाच्या बाह्या सरसावून, हातात पाना घेऊन उभा असलेला माणूस वॉरंटीची भाषा करतो, तेव्हा किती जण प्लग खेचतील? मी थांबलो. एवढं मात्र केलं की शेवटचे 12,000 महिन्यानं देतो म्हणालो. त्यावर तो चक्क ‘चालेल’ म्हणाला. पैशाला इतका सैल मिस्त्री तुम्ही कुठे पाहिलाय?

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, सिंहगड रोडला झाड पडलं आणि रात्री लाइट गेली. आम्ही गावाला होतो.

काय झालं असेल ते या छंदातल्यांना सांगायला नको, तरी हिशोब मांडतो. रिटर्नच्या, म्हणजे पंपाचं पाणी टाकीत सोडणाऱ्या नळीचं तोंड त्यानं प्रत्येक टाकीत पाण्याखाली तीन इंच ठेवलेलं. पंप थांबला की तीच नळी सायफन होऊन उलटं पाणी ओढते, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. तीन इंच म्हणजे टाकीमागे 14 लिटर, सहा टाक्यांचे 85. संपात मोकळी जागा होती 20 लिटरची. 65 लिटर पाणी हॉलमध्ये, तिथून खालच्यांच्या छताच्या पीओपीत. कोटेशनमधला 130 लिटरचा संप असता तर जवळपास सगळं त्यात मावलं असतं.

त्याचा तो एनआरव्ही मी नंतर उघडला. झडपेच्या फटीत मुगाएवढी गोगलगाय अडकली होती, झडप उघडीच. आणि तो चालला असता तरी काय, वरच्या टाक्यांचं पाणी त्याच सामाईक पाइपातून खालच्या टाक्यांत उतरून ओव्हरफ्लोनं संपातच आलं असतं. खरा उपाय फुकटचा आहे. रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं, पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोक शेवाळानं बुजतं, तेवढं पुसत राहायचं. ड्रिलचं एक मिनिटाचं काम, तेही केलं नाही.

लाइट परत आली तेव्हा टाक्या भरायला 85 लिटर हवे होते, संपात होते फार तर 70. टाक्या भरून ओव्हरफ्लो सुरू होण्याआधीच संप रिकामा, पंप कोरडा फिरला आणि जळला. शेजारच्यांच्या फोनवर आम्ही परतलो तेव्हा टाक्यांतलं पाणी दुधासारखं झालं होतं. एंजलच्या दोन्ही जोड्या गेल्या, मोठे मासे जवळपास सगळेच. माशांचे 11,400. खालच्यांच्या पीओपीचे 9,500, तेही बोलणी खात दिले. रिंगांसकट सगळे मिळून 88,700.

जळका पंप तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, दाखवला. दुकानदारानं नखानं ‘जर्मन’ स्टिकर उचकटलं, खाली दुसरं लेबल: 1,800 लिटर, 28 वॅट, एच-मॅक्स 1.8 मीटर. माझी चढण पाच फूट, म्हणजे दीड मीटर! सिरॅमिक रिंगांचा फक्त वरचा थर खरा, खाली फोडलेल्या विटा. विटांतही बॅक्टेरिया बसतात हो, पण 650 रुपये किलोनं वीट कोण घेतं? टँक कनेक्टरला, म्हणजे काचेतून पाइप काढायच्या पीव्हीसीच्या जोडाला, रबर वॉशरच नाहीत, नुसतं सिलिकॉन थापलेलं. सिलिकॉन काचेला धरतं, पीव्हीसीला नीट धरत नाही.

मग सरकारी फेरा. चौकीत ऐकून घेणाऱ्यानं आधी विचारलं, ‘मासे मेले म्हणून एफआयआर करायचा का?’ बाकीचे हसले. मी स्टिकर दाखवलं, कोटेशन दाखवलं. माल एक सांगून दुसरा देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? ‘हा दिवाणी मामला, कोर्टात जा. आणि तुम्हीच त्याचे 12,000 ठेवून घेतलेत, तो पण तक्रार देऊ शकतो.’ म्हणजे आरोपी मी! साधा अर्ज घेऊन पोच द्या म्हटलं, तर साहेब राउंडला. बँकेत गेलो, ‘पिन तुम्हीच टाकलात ना सर?’ खातं कोणाचं, पत्ता काय, ते सांगणार नाहीत, गोपनीयता. पोलिसांनी पत्र दिलं तर सांगू म्हणतात, आणि पोलीस म्हणतात बँकेतून पत्ता आणा. कार्डावरच्या पत्त्यावर रजिस्टर एडीनं नोटीस पाठवली, परत आली. जाऊन बघितलं तर तिथे झेरॉक्सचं दुकान. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं खरं. 1915 वर फोन करून विचारताही येतं. पण अर्जात समोरच्याचा पत्ता लागतो, तो आणू कुठून? म्हणून आधार कार्डाची प्रत आणि दुकानाचा पत्ता ॲडव्हान्सच्या आधी घ्या. लाज वाटू देऊ नका, भाडेकरूकडून घेतोच की आपण. आणि शेवटचा हप्ता तुम्ही स्वतः प्लग काढून, अर्धा तास थांबून, परत लावून बघितल्यावरच. कोणी हात धरला तर धरू दे.

मला त्यानं ब्लॉक केलंय. मित्राच्या फोनवर मात्र त्याचं स्टेटस दिसतं, ‘आमचं नवीन काम’ म्हणून माझ्याच रॅकचा फोटो फिरवतोय. मागे निळे चौकडीचे पडदे आणि डाव्या पाइपाला गुंडाळलेली काळी टेप दिसली की ओळखा, हाच तो.