कलमी निवडुंग घ्यावा की स्वमुळावरचा?

एकच जात, शेजारी शेजारी दोन कुंड्या. एकीत गोळा तीन धारांच्या हिरव्या खुंटावर बसवलेला, दुसरीत तोच गोळा मातीला टेकलेला. कुठला उचलावा या पेचात मीही पडलो होतो, आणि शेवटी दोन्ही घरी आणले. जात ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास: आठ फाका, काटे नाहीत, अंगभर पांढरे ठिपके. दोन्ही गोळे तेव्हा एकाच आकाराचे होते आणि पुढचे सहा हिवाळे एकाच खिडकीत राहिले. खाली लिहितोय ते मुख्यतः या दोघांवरून.

लाल, पिवळे, गुलाबी गोळे हवे असतील तर निवडीचा प्रश्नच येत नाही. जिम्नोकॅलिसियम या निवडुंगाच्या त्या रोपांत हरितद्रव्यच नसतं. १९४१ मध्ये जपानमध्ये निवडुंग वाढवणाऱ्या वातानाबे यांना बियांपासून वाढवलेल्या रोपांत अशी लालसर रोपं दिसली आणि ती टिकली ती कलमामुळेच. खुंट गेला की गोळा गेला. तेव्हा पुढचं सगळं हिरव्या निवडुंगांबद्दल.

वाढीच्या बाबतीत कलमी सरस, यात वाद नाही. माझ्या कलमी ॲस्टेरियासने दुसऱ्याच उन्हाळ्यात फूल दिलं, पिवळं, तळाशी लालसर. स्वमुळावरच्याने पाचव्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहायला लावली. बियांपासून केलेली नाजूक रोपं पहिली दोन वर्षं जगवायची असतील, किंवा एखाद्या दुर्मीळ रोपाला लवकर पिल्लं हवी असतील, तर कलमाइतका चांगला मार्ग मला ठाऊक नाही. ऊबदार महिन्यांत पाण्याची थोडी चूकही कलमी रोप पोटात घालतं, कारण खुंटाची मुळं दमदार असतात. ॲस्टेरियासच्या सोटमुळाला ती चूक चालत नाही.

दिसण्याचं म्हणाल तर तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. तरी एवढं सांगतो की भरभर वाढलेला गोळा जरा फुगीर होतो. ॲस्टेरियास किंवा एरिओकार्पस यांचं सौंदर्यच चपटेपणात आहे, आणि खुंटावर ते हळूहळू हरवतं.

पण माझा कौल फिरला तो या कशानेही नाही. कलमी कुंडीत झाडं दोन असतात आणि दोघांची तहान वेगळी असते. तो तीन धारांचा खुंट म्हणजे ड्रॅगनफ्रूटच्या कुळातला वेल. त्याला ऊब हवी, ओलावा हवा. वरच्या गोळ्याला हिवाळ्यात कोरडी झोप हवी. पाणी बंद केलं तर खुंट सुरकुततो, सुरू ठेवलं तर थंडीत खुंटच कुजण्याची भीती. दर हिवाळ्यात मी त्या कुंडीपुढे उभा राहून कोणाचं ऐकावं याचा विचार करायचो.

स्वमुळावरचा स्वतःच सांगतो. कोरडं पडलं की सोटमूळ आक्रसतं, गोळा चपटा होत खाली ओढला जातो, पार मातीच्या पातळीला येतो. वसंतातल्या पहिल्या पाण्यानंतर दोन-तीन दिवसांत फाका भरतात आणि कडेच्या खडीत बारीक फट पडलेली दिसते. पाणी कधी द्यायचं हे मला त्या फटीने शिकवलं. खुंटावरच्या गोळ्याकडून असं काही कळत नाही. खुंट आटत असतो तेव्हाही तो वर टणक बसलेला असतो.

चौथ्या हिवाळ्यात तेच झालं. खुंटाच्या धारा कागदासारख्या पातळ झाल्या, मला राहवलं नाही आणि मी अर्धा पेला पाणी घातलं. पाठोपाठ थंडी वाढली, रात्री पारा १० अंशांखाली गेला. दहा-बारा दिवसांनी मातीलगत खुंटावर तपकिरी पट्टा दिसला. अंगठ्याने दाबलं तर साल आत गेली आणि पाणी आलं. सुरी स्पिरिटने पुसून गोळा उतरवला. कापलेल्या तोंडावर मधोमध पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांचं कडं असतं. त्यात एका बाजूला केशरी ठिपके होते, म्हणजे कूज तिथवर चढली होती. पुन्हा सुरी पुसली, पुन्हा पातळ चकती काढली. तिसऱ्या चकतीला कडं स्वच्छ, फिकट दिसलं तेव्हा थांबलो. तीन आठवडे सावलीत जखम वाळवली आणि गोळा कोरड्या प्यूमिसवर (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी खडीवर) नुसता ठेवून दिला.

सगळ्या कलमांना हे लागू नाही. ट्रायकोसेरियस या खांबासारख्या निवडुंगाचा खुंट थंडी बरीच सोसतो आणि कोरड्या विश्रांतीलाही फारशी कुरकुर करत नाही. कलमीच घ्यायचा ठरला असेल तर खालचा खुंट कुठला आहे हे आधी पाहा. तीन धारांचा असेल आणि तुमच्याकडे हिवाळा बोचरा असेल, तर मी तरी दुसरी कुंडी उचलेन. वर्षभर ऊब असेल तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. फुलांची घाई नसेल आणि एकच घ्यायचा असेल, तर स्वमुळावरचा घ्या असं मी मित्रांना सांगतो. आकाराने लहान मिळाला तरी चालेल.

उतरवलेल्या गोळ्याला उन्हाळ्याच्या तोंडाशी मुळं फुटली, पण केसासारखी. सोटमूळ काही आलं नाही. आता दोघंही मातीलगत आहेत. कोरड्या दिवसांत एक खाली सरकतो, दुसरा जागच्या जागी आक्रसतो.